चाक डाव्या अंगाला

"उसव ते! पाहुणा येवाना पहिले ते चाक उसव," कुंदाबाई ओरडली आणि तिने गोधडी पोरीच्या, सरलाच्या अंगावर फेकली.

सरलाने गोधडी उचलली, झटकली आणि पुन्हा खाटेवर अंथरली. उसवायला मात्र बसली नाही.

भांडण मधल्या ठिगळांवरून होतं. भडगावच्या शिवण क्लासमध्ये सरला एक नवी तऱ्हा शिकली होती. कॅलेंडरच्या कोऱ्या पाठीवर चित्र काढायचं, कागदाखाली चिंध्या लावायच्या, वरून रेघांवर शिवत जायचं आणि शेवटी कागद फाडून काढायचा. खालच्या बाजूला कापडाचं चित्र तयार. बाकीच्या पोरींनी कमळं केली, मोर केले. सरलाने शिवणकामाचा अख्खा संसारच मांडला. दात काढून हसणारी कात्री. पाय फुटलेलं रीळ, दोऱ्याचं शेपूट मागे सोडून पळत सुटलेलं. टाचण्या टोचून टोचून रागावलेली उशी, तिला बटणाचे वटारलेले डोळे. आणि मधोमध शिलाई मशीन.

पण या तऱ्हेत चित्र उलटं उमटतं. मशीनचं चाक असतं उजवीकडे, ते कापडावर आलं डावीकडे. क्लासच्या बाई म्हणाल्या, चुकलं, पुन्हा कर. सरला खुदकन हसली. ती डावरी होती. जन्मात पहिल्यांदा कोणीतरी तिच्या हाताचं मशीन बनवलं होतं, आणि तेही तिनेच.

आज नेमकं तेच लपवायचं होतं. धुळ्याचे पाहुणे तिला पाहायला येत होते. मुलगा सूतगिरणीत कायम नोकरीला. मुलीच्या हातचं काम म्हणून गोधडी खाटेवर अंथरायची, पाहुणे तिच्यावर बसणार. मग मुलाची आई सुई-दोरा पुढे करणार आणि ओवून दाखव म्हणणार. मुलगी डावरी निघाली की चहा अर्धा टाकून लोक उठतात. पारोळ्याचे तसेच उठले होते. जाता जाता त्यांच्यातली एक बाई दारातच म्हणाली होती, "डावा हातनी भाकर कोन खाई वो?"

"मशीन मनं शे," सरला म्हणाली. "चाक मना हातनी बाजूले शे. मी नही उसवाव."

कुंदाबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने हात उगारला. मग काय वाटलं कोण जाणे, तो खाली घेतला आणि दुसऱ्याच हाताने चापट दिली. चापट नीट बसलीही नाही, कानाला घासून गेली.

कुंदाबाईला मुळातच राग फार. त्यात शिवणाचं नाव काढलं की विचारूच नका. तिची स्वतःची शिवण अशी, की टाका भडगावहून पाचोऱ्याला निघाला तर चाळीसगावला पोचायचा. गल्लीतल्या बाया तोंडावर हसायच्या. ती सुईला शिव्या द्यायची, दोऱ्याला द्यायची, स्वतःच्या डोळ्यांना द्यायची, आणि मग काम टाकून डावा हात मांडीखाली दाबून बसून राहायची. सवयच होती तिला तशी. सरला डाव्या हाताने जेवली म्हणून तिने मारलं, डाव्या हाताने पाटीवर लिहिलं म्हणून मारलं. मार खाऊन खाऊन पोर निगरगट्ट झाली, हात काही बदलला नाही.

कुंदाबाईची थोरली बहीण आदल्या दिवशीच साक्रीहून आली होती. घरात सगळे तिला अक्का म्हणत. हे स्थळ तिनेच आणलेलं. इतका वेळ ती सूप घेऊन तांदूळ निवडत होती. आता तिने सूप बाजूला सारलं आणि चिंध्यांच्या ढिगातून लुगड्याचा एक लांब काठ ओढून काढला.

"वाद काबर घालतस?" अक्का म्हणाली. "हातच बांधी टाकूत. पाहुणासले सांगूत, चुल्हावर भाजना."

तिने सरलाला खाली बसवलं. डाव्या हाताची मूठ वळवली, वरून काठ गुंडाळला आणि मनगटावर करकचून गाठ मारली. सरला हिसके देऊ लागली, तेव्हा अक्काने तो हात तिच्याच मांडीखाली दाबून धरला. सरला ओरडून रडायला लागली.

"रडू नको, बेटा," अक्का म्हणाली. मायेनेच म्हणाली. "तुनी मायना हात बी मीच बांधा व्हता. ती बी अशीच रडे. दख आते, सुधरनी ना ती?"

सरला रडायची थांबली. तिने आईकडे पाहिलं.

कुंदाबाई बहिणीकडे पाहत होती. राग चेहऱ्यावर तसाच होता, पण आता तो पोरीवरचा नव्हता. चिंध्यांच्या ढिगाजवळ पडलेली कात्री तिने उचलली, सरलाचा हात ओढून पुढे घेतला आणि काठाखाली पातं सरकवलं. कात्री बोटांत नीट बसेना, अंगठ्याला रुतली. तिने तशीच दाबली. काठ सरळ रेषेत कापला गेला आणि खाली पडला.

"जाय, तोंड धुय," ती पोरीला म्हणाली. "आन मशीन मधमाच राहू दे."

दाराशी पाहुण्यांच्या चपला वाजल्या.

"अव कुंदे!" अक्काने कपाळावर हात मारला. "कात्री कोनता हातमा धरी तू?"

"मना हातमा," कुंदाबाई म्हणाली.