आत्यांचं क्रियापद

बाहुल्या शिवणाऱ्या आत्या साठीला टेकल्या होत्या, तरी परदेशातल्या एका बाहुलीनाट्य शाळेत शिकवायला जायचं त्यांच्या मनाने घेतलं होतं. अर्जासोबत नमुन्याच्या दोन बाहुल्या पाठवून त्या नेटाने स्पॅनिश शिकायला बसल्या. चार महिन्यांनी उत्तर आलं. पहिल्याच ओळीत ‘कोम्प्लासेर’ हे क्रियापद होतं. शब्दकोशात अर्थ सापडला, ‘खूश करणे’. आत्यांचं तोंड एवढंसं झालं. त्यांनी स्पॅनिशच्या बाईंना फोन लावला.

“बाई, पत्रात पहिलंच ‘कोम्प्लासेर’ आलंय. त्या लोकांना खूश करायचं राहिलंय वाटतं. आता आणखी किती बाहुल्या पाठवू?”

बाई हसत सुटल्या. “अहो आत्या, हे घरगुती बोलण्यातलं क्रियापद नाही. ते असं रुबाबदार पत्रात येतं. ‘आपणांस कळविण्यास आनंद होतो की’, म्हणतो ना आपण, तसं. नकार कळवताना ते कुणी वापरत नाही!”

आत्यांनी हातातली सुई उशीला टोचून ठेवली आणि पदराने डोळे टिपले. मग घसा खाकरून म्हणाल्या,

“बाई, आता त्यांना ‘येते’ म्हणून कळवायला पण असंच एखादं रुबाबदार क्रियापद सांगा. लिहून घेते.”