नाथाची जीभ

नाथानं गाडीची सीट मागे सरकवली, तिच्याखालच्या पट्टीच्या खाचेतली चिमूटभर वाळलेली माती बोटावर घेतली आणि जिभेला लावली.

गॅरेजात सगळे त्याच्या तोंडाकडे बघत होते. पेणहून धरमतरच्या खाडीकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या या गॅरेजात दर रविवारी जुन्या गाड्या घेणाऱ्यांचा दरबार भरायचा. हमरापूरचा मालू गणपती रंगवायचे ब्रश बाजूला ठेवून हौसेनं येऊन बसायचा. त्याचा हात पत्र्यावरून फिरला, की गाडी कुठं ठोकली आणि वरून कुठं रंग मारला ते लगेच कळायचं. पण पाण्यात गेलेली गाडी आली, की मालूच्या हातालाही काही कळत नसे. नदीच्या पुरात भिजलेली गाडी वाचते. वायरिंग वाळवा, ऑइल बदला, पुढं दहा वर्षं ती कुरकुरत का होईना, पळते. खाडीत बुडालेली वाचत नाही. वरून कितीही नटवा, मीठ पत्रा आतून खात जातंच. आणि पाणी कुठलं, हे काही गाडीच्या कागदांवर लिहिलेलं नसतं. नाथाचं अर्धं आयुष्य मिठागरात गेलं होतं. तो ते चाखून सांगायचा.

"काय म्हणतोस नाथा? घेऊ ना?" दिनानाथ मास्तरांनी विचारलं. ते रोह्याहून सकाळच्या एसटीनं आले होते. आयुष्यातली पहिली गाडी, तीही नाथा हो म्हणाला तरच. यंदा माहेरी गाडीनं नेईन, असं बायकोला सांगून बसले होते बिचारे.

नाथानं हिरामणकडे पाहिलं. गाडी हिरामणची होती आणि हिरामण त्याच्या बहिणीचा नवरा. कंपनीतलं काम सुटल्यापासून घरी बसलेला. ही गाडी विकली तर टेम्पो घेऊन हमरापूरच्या मूर्ती वाहायच्या, असा त्याचा बेत होता. गाडी नागोठण्याला नदीच्या पुरात भिजलेली आहे, हे त्यानं आल्याआल्या सांगून टाकलं होतं. येताना बायकोला, पुतळीलाही घेऊन आला होता. गाडी दाखवायला पुतळीचं काय काम, हे नाथाला तेव्हा कळलं नव्हतं. आता कळलं.

पुतळी दाराजवळ स्टुलावर बसली होती. पुढ्यातल्या चहाला तिनं हातही लावला नव्हता.

"भावोजी," नाथानं हळूच विचारलं, "नागोठण्यालाच भिजली ना?"

"मग काय धरमतरला?" हिरामण म्हणाला आणि हसला. हसायची त्यानं जरा घाईच केली.

नाथानं पुन्हा बोट जिभेला लावलं. खरं तर गरज नव्हती, पहिल्या खेपेलाच कळलं होतं. खरं सांगितलं तर बहिणीचा संसार आणखी वर्षभर तसाच रखडणार होता. खोटं सांगितलं तर मास्तरांच्या गळ्यात धोंडा. त्याला दोन्हीही जमेना.

"मास्तर," शेवटी तो म्हणाला, "मला नाय कळत."

"म्हणजे?"

"चव कळत नाय आताशा. तंबाखूनं जीभ मेली माझी. आजपासून ह्या धंद्यातला सल्ला मला इचारू नका कुनी."

मालूनं चमकून वर पाहिलं. तासाभरापूर्वीच नाथानं त्याच्या डब्यातली आमटी चाखून मीठ कमी आहे म्हणून तोंड वाकडं केलं होतं. वीस वर्षांत कमावलेलं नाव हा माणूस असा सहज टाकून देतोय, हे बघून मालूला गलबलून आलं.

"मग मी एवढ्या लांबून आलो कशाला?" मास्तर गोंधळून गेले.

हिरामणला मात्र धीर आला. "अहो जीभ कसली लावता गाडीला! इंजिन ऐका, इंजिन." त्यानं आत बसून चावी फिरवली. इंजिन पहिल्याच फटक्याला सुरू झालं आणि सुरेख, एका सुरात चालू राहिलं. मास्तरांचा चेहरा उजळला. त्यांचा हात नकळत दारावर गेला.

पुतळी उठली. पदर खोचून पलीकडच्या दारातून आत वाकली आणि खाचेत बोट घालू लागली.

"पुतळे, नको गो," नाथा म्हणाला.

तिनं बोट जिभेला लावलं. हिरामण तिच्याकडे बघत राहिला. उधाणाच्या दिवशी धरमतरच्या धक्क्यावर ही गाडी पाण्यात गेली, तेव्हा ती त्याच्या शेजारीच उभी होती. चाखायची तिला काय गरज? त्यानं इंजिन बंद केलं.

"खारं हाय," पुतळी म्हणाली. "मास्तर, घेऊ नका."

"तुला काय कळतंय गाडीतलं?" हिरामण ओरडला, पण त्या ओरडण्यात काही दम नव्हता.

"गाडीतलं नाय कळत. मिठातलं कळतं." तिनं बोट पदराला पुसलं. मग ती मास्तरांकडे वळली. नाथा खाली मान घालून उभा होता.

"आन् मास्तर, बाहेर जाऊन भलतं सांगू नका कुनाला. माझ्या भावाची जीभ चांगली हाय. बहिणीपायी मेली व्हती, घडीभर."