निळ्या फुलांच्या टाइल्स

आपणच बसवलेली फरशी टाइल्सवाला आपल्याच हाताने फोडत होता. जन्मभर लोकांची बाथरूमं सजवली, आईचं मात्र त्याने उरल्यासुरल्या टाइल्सवर उरकलं होतं. कुणा गिऱ्हाइकाने भिंतीसाठी खास बनवून घेतलेल्या, गुळगुळीत, निळ्या फुलांच्या. “खालीसुद्धा ह्याच लाव की,” आई हरखून म्हणाली होती. भिंतीची टाइल जमिनीवर लावली की ओल्या पायाला दगा देते, हे त्याला पाठ होतं. पण खडबडीत आणायला पुन्हा कोण हेलपाटा घालणार, म्हणून तो गप्प राहिला होता. आता आई दारात वॉकर धरून शेजारणीला सांगत होती, “फरशीत काही खोट नव्हती हो. मीच धांदरट, घसरले.” त्याने मान वर केली नाही; हातोडा तेवढा जोरात पडू लागला. “अरे, हळू,” आई कळवळली. “तुझ्या हातच्या आहेत. एखादी अख्खी निघाली तर भिंतीवर लावू.”