मेणबंद डबा

डब्याचं मेण सुरीने खरवडून अलीमामादने झाकण उचललं आणि चटकन मान मागे घेतली. त्याच्या खोलीभर आंबूस वास पसरला.

“मावशी, टेप ठेवली होती की लोणचं घातलं होतं?”

सावसन हसली नाही. तिचा नवरा नेककदम परवा गेला होता. आज संध्याकाळी त्याच्या नावाचा दिवा लागायचा होता. दिव्यापाशी रबाबाच्या तारा छेडत मद्दोह हे स्तवन गायचं. त्या स्तवनाचं बोट धरून जीव पुढच्या वाटेला लागतो. अख्ख्या खोऱ्यातल्या माणसांना नेककदमने असं पोचवलं होतं. ते मद्दोह त्याच्याशिवाय कुणाला येत नव्हतं. आता होतं ते या एका रिळावर.

“पवित्र वस्तू,” ती म्हणाली. “वारा लागू नये म्हणून मेण लावलं. चुलीवरच्या तुळईवर ठेवली, मानाच्या जागी. कुणाला हात लावू दिला नाही.”

अलीमामादचं आयुष्य खोरोग शहरातल्या रेडिओ केंद्रावर फिती सांभाळण्यात गेलं होतं. जुन्या फितीला गारवा लागतो, मोकळी हवा लागते. उबेला कोंडली की तिच्यातूनच आंबट वाफ सुटते आणि तीच तिला खाते. हे तो बोलला नाही. फीत पन्हळीसारखी वळली होती. त्याच्या बोटाला तपकिरी भुकटी लागली.

“माझ्याकडे ठेवून जा. गारव्यात, उघडी राहू दे काही महिने. मग हळूहळू उलगडू. आज लावली तर तुटेल.”

“बाबा आज निघतायत, काका.” खुशनजरच्या मांडीवर बापाचा रबाब होता. “मी दिव्यापुढे काय म्हणू?”

“शिकून घे म्हणून बाबा किती मागे लागायचे तुझ्या,” सावसन म्हणाली. “तू म्हणायचास, टेप आहे ना.”

मुलाने रबाब बाजूला ठेवला. मग तीच म्हणाली, “लाव रे अलीमामाद. व्हायचं ते होऊ दे.”

त्याने कानाला हेडफोन लावले आणि रीळ सुरू केलं; वाजेल ते शेजारच्या यंत्रावर उतरवून घेत होता. क्षणभर त्याचा चेहरा उजळला. तेवढ्यात फीत काडीसारखी मोडली. त्याने जोडली. पुन्हा मोडली. आतले वेढे तर एकमेकांना चिकटून गठ्ठाच झाले होते. सोडवायला गेला तसा त्यांचा चुरा हातात आला. बऱ्याच वेळाने त्याने हात खाली घेतले.

“सुरुवात तेवढी उतरली, मावशी. गाणं नाही.”

“जे असेल ते ऐकव.”

तारा जुळवल्याचा आवाज आला. कुणीतरी खोकलं. मग नेककदमचा आवाज, तरुण, हसरा: “सगळे आले का? ए लंबू, पाय आवर जरा, म्हातारी अडखळेल. आणि दार लावून घ्या कुणीतरी. सुरू करतो.”

पुढे नुसती खरखर.

खुशनजर उठला, दार लावून आला, आणि आईशेजारी मांडी घालून बसला.