कोपऱ्यातलं प्रमाण

कानामागे चिकटवलेल्या टिकलीएवढ्या यंत्राने मोजलेली मृणालिनीबाईंची स्मृती सकाळी स्वयंपाकघराच्या भिंतीवर आलेख होऊन उमटली. रेघ आजही वरच्या कडेला टेकली होती.

प्रोग्राम त्यांच्या नवऱ्याने, हेमंतरावांनीच लिहिला होता. त्यासाठी वापरलेला, आलेख काढणारा फुकट मिळणारा तयार कोड दिवसाच्या सर्वांत मोठ्या आकड्यावर उभा अक्ष बेतत असे, म्हणून स्मृती कितीही घटली तरी रेघ उंचच दिसे. बाजूचे आकडे मात्र त्यांनी मुद्दाम लपवले होते.

"छान आहे ना?" ते म्हणाले. "आज हाच प्रोग्राम गावातल्या सगळ्या रुग्णांकडे जायचाय."

काल बाईंना लेकीचं नावही आठवलं नव्हतं. पण जन्मभर दहावीचे गणिताचे पेपर तपासलेली त्यांची नजर थेट उजव्या कोपऱ्यात गेली.

"अहो, प्रमाण कुठंय? प्रमाणाशिवाय आलेख म्हणजे नुसती रांगोळी. अर्धा गुण कापला!"

"मृणाल, राहू दे ना."

"का राहू दे? वाचणाऱ्याला काय कळणार?"

हेमंतरावांनी प्रोग्राम उघडला. त्यांनी अक्ष शून्य ते शंभर असा कायमचा बांधला आणि कोपऱ्यात प्रमाण लिहिलं. रेघ घसरत पार तळाशी आली.

बाईंनी तिच्याकडे बोट दाखवलं.

"माझी आहे?"

"हो."

त्यांनी पुढे होऊन भिंतीवर बोटाने बरोबरची खूण केली, मग नवऱ्याचा हात घट्ट धरला.

"आता पाठवा," त्या म्हणाल्या. "त्या रुग्णांच्याही घरी कुणीतरी वाचणारं असेल."