चौथी रांग

"येमूलबाई, आज शेवटचा दिवस. तेलुगूतही होऊन जाऊ द्या," मुख्याध्यापक शेखसर म्हणाले.

सोलापुरातल्या त्या सरकारी हायस्कुलात प्रतिज्ञा चार भाषांत व्हायची. एक रांग म्हणायची तेव्हा बाकीच्या हात पुढे करून गप्प उभ्या राहायच्या. गिरण्या बंद पडल्या तशी आधी तेलुगूची रांग आटली, मग कानडीची. उद्यापासून तर शाळेलाच कुलूप.

तेलुगू शिकवणाऱ्या बाई पुढे आल्या. पहिलं वाक्य त्यांनी खणखणीत म्हटलं आणि रांगेने मागून म्हणावं म्हणून सवयीने थांबल्या.

समोर मराठी-उर्दूची पोरं हात पुढे करून गप्प उभी होती. दुसऱ्याची प्रतिज्ञा चालू असताना तोंड उघडायचं नाही, हे त्यांना बाईंनीच शिकवलं होतं.