पाकिटातलं निळं फूल

नवी पुस्तकं आली की मी ती आठवडाभर वाचनालयाच्या टेबलावर मांडून ठेवतो. या वेळी धंदा, वनस्पती, अध्यात्म आणि देशाची सुरक्षा असे विषय होते. हौसाकाकूंनी सुरक्षेचं पुस्तक नेलं आणि दुसऱ्याच दिवशी माझ्यापुढं आणून आपटलं.

"सगळी सीमा लिहिलीय, पण आमचा धैर्या कुठं असतो ते नाही!"

"काकू, जवानाचा ठावठिकाणा पुस्तकात कसा छापतील?"

"तो तरी कुठं सांगतो? पत्त्यात गावाच्या जागी नुसता आकडा."

तेवढ्यात त्यांची नजर वनस्पतींच्या पुस्तकावर गेली. त्यात हिमालयातली रानफुलं होती, पानोपानी रंगीत चित्रं. काकूंनी पिशवीतून लेकाचं पत्र काढलं. पाकिटातलं वाळकं निळं फूल तळहातावर घेतलं आणि खुर्ची ओढून एकेक पान उलटू लागल्या.

दुपारी वाचनालय बंद करायची वेळ टळून गेली, पण त्यांना उठवायला माझी जीभ रेटेना. शेवटी एका चित्रापाशी त्यांचा हात थांबला. त्यांनी पाकळ्या मोजल्या, पुन्हा मोजल्या. चित्राखाली ते फूल जिथं उगवतं त्या एकाच खिंडीचं नाव आणि तिची उंची दिली होती. काकूंनी ते ओठांतल्या ओठांत वाचलं.

"सापडलं का?" मी विचारलं.

"छे! कसलं सापडतंय," असं म्हणून त्यांनी घाईनं पुस्तक मिटलं.

दारापर्यंत गेल्या आणि पदरानं डोळे पुसत वळल्या.

"पंधरा हजार फुटांवर एक स्वेटर पुरतो का रं?"